मद मडक्यात नसतो

शरीर चार भूतांचे आहे आणि त्या भूतांच्या मेळातूनच चैतन्य उपजते, असे चार्वाकांचे म्हणणे. मग एकेका भूतात जे नाही ते मेळातून आले कुठून, या प्रश्नावर त्यांनी दिलेले उत्तर थेट दारूच्या मडक्यातले आहे. किण्व म्हणजे आंबवण्याचे विरजण. ते वेगळे खाल्ले, धान्य किंवा गूळ वेगळा खाल्ला, तर कोणी झिंगत नाही. पण दोन्ही एकत्र आंबले की मदशक्ती येते. चैतन्यही तसेच. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकमत मांडताना हा दाखला दिला, आणि त्याच्या कितीतरी आधी शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तो पूर्वपक्ष म्हणून घेऊन खोडला. गंमत अशी, की मांडणाऱ्यांनी आणि खोडणाऱ्यांनी हा दाखला तर्काच्या पटावरच खेळवला. मडक्यात काय घडते याची खोलवर चौकशी कोणी केली नाही. आता बिअर बनवणाऱ्यांच्या आणि रसायनशास्त्रज्ञांच्या कामामुळे ती चौकशी करता येते. ती केली, तर चार्वाकांचा दाखला त्यांच्या विरोधकांना वाटला त्यापेक्षा बळकट निघतो; आणि ज्या एका गोष्टीसाठी तो पुढे केला होता, नेमकी तीच सिद्ध करायला तो अपुरा पडतो.

या तपासणीला रायगडातले पेण आणि रोहा हे शेजारचे तालुके चांगले आहेत. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला आणि रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा. दोघांनीही गीता हाती धरली, आणि देहाहून निराळे असे काही माणसाच्या आत आहे हे सांगण्यात आयुष्य घालवले. म्हणजे चार्वाकांच्या प्रतिपक्षाचे दोन मोठे वकील याच मातीतले. आणि दाखल्यातले मडकेही इथलेच. रायगडच्या किनारपट्टीत ताडाची ताडी आणि माडाची माडी पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाते, डोंगराकडच्या कातकरी वाड्यांना मोहाच्या फुलांची दारू परकी नाही. शिवाय पेणेत गणपतीचे कारखाने आहेत. मातीत देवपण कधी येते, हा प्रश्न तिथे दरवर्षी हजारो मूर्तींच्या रूपाने उभा राहतो.

आधी मेळाचा प्रश्न घेऊ. बिअर चार गोष्टींची होते: पाणी, मोड आणून वाळवलेले जव (कधी त्याच्या जोडीला गहू), हॉप्सची फुले आणि यीस्ट. पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतल्या फळ्यांवर पिल्सनर, स्टाउट, व्हीट बिअर, आयपीए अशी नावे दिसू लागली. पण नावे कितीही असली तरी मूळ साहित्य तेच. फरक पडतो तो प्रमाणाने, उष्णतेने आणि क्रमाने. जव हलके वाळवले तर फिकट सोनेरी पिल्सनर, करपेपर्यंत भाजले तर कॉफीच्या वासाचा काळा स्टाउट. पिल्सेनचे पाणी मऊ, म्हणून तिथली बिअर सौम्य. इंग्लंडात बर्टनच्या पाण्यात जिप्सम उतरलेले, म्हणून तिथल्या पेल एलचा कडवटपणा स्वच्छ आणि कोरडा लागतो. हॉप्स तासभर उकळले तर त्यातली आम्ले रूप बदलून कडू होतात. तेच हॉप्स शेवटी टाकले तर कडूपणा थोडा आणि लिंबा-संत्र्याचा वास भरपूर. कोथिंबीर फोडणीत घालणे आणि वरून भुरभुरणे यांतला फरक घरोघरी माहीत आहे. तोच इथे आहे. जिन्नसांची यादी देऊन चव सांगता येत नाही, ती त्यांच्या परस्परसंबंधातून उपजते. इथवर चार्वाक अगदी बरोबर आहेत.

यावर सांख्यांचा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. कार्य कारणात आधीच असते. तेल तिळातून निघते, वाळूतून निघत नाही. म्हणून मदशक्तीही प्रत्येक घटकात सूक्ष्म रूपाने असलीच पाहिजे, मेळ तिला फक्त बाहेर काढतो, आणि भूतांत चैतन्य सूक्ष्म रूपानेही नसल्यामुळे दाखला लागू पडत नाही. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरवर हा आक्षेप पारखून पाहता येतो. तिला लवंगेचा वास येतो आणि केळ्याचाही. लवंगेच्या बाबतीत सांख्यांना गुण द्यावे लागतात, कारण धान्याच्या सालीतले फेरुलिक आम्ल हे तिचे बीज आहे आणि यीस्ट त्याचेच रूपांतर करते. पण केळ्याचा वास ज्या द्रव्याने येतो ते यीस्ट आपल्या जगण्याच्या ओघात घडवते. ते ना जवात असते, ना गव्हात, ना पाण्यात. त्याच काढ्यात लागरचे यीस्ट थंडाव्यात सोडले तर केळ्याचा मागमूसही राहत नाही. सांख्य म्हणतील, कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन तर होतेच. होते, पण ‘सूक्ष्म रूपाने होते’ याचा अर्थ इतका सैल केला, तर सगळेच सगळ्यात आहे असे होईल, आणि मग तीळ व वाळू यांतला फरक सांगायला सांख्यांपाशी काही उरणार नाही.

शंकराचार्यांचा पहिला युक्तिवाद मृतदेहाचा आहे. चैतन्य हा देहाचा धर्म असता तर देह आहे तोवर राहिला असता. प्रेताचे रूप दिसते, पण चैतन्य दिसत नाही. याला मडके स्वतःच उत्तर देते. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते, दुपारपर्यंत ती फसफसून ताडी होते, आणि तशीच ठेवली तर काही दिवसांत तिचा शिरका होतो. भांडे तेच, पातळ पदार्थ डोळ्यांना जवळपास तोच, पण मद गेलेला. तो कुठे परलोकी गेला असे कोणी म्हणत नाही. आतली घडण बदलली, एवढेच झाले. प्रेताचा आकार टिकतो म्हणून आतली घडणही टिकली असे धरणे ही घाई आहे, असे चार्वाक म्हणू शकतात, आणि आजचा वैद्य त्यांच्या बाजूने साक्ष देईल.

पण याच मडक्यात चार्वाकांची पहिली अडचण दडली आहे. बव्हेरियाच्या ड्यूकने १५१६ साली काढलेल्या फर्मानात बिअरला जव, हॉप्स आणि पाणी एवढेच जिन्नस मान्य केले होते. यीस्टचा उल्लेख त्यात नाही, कारण बहुधा तो वेगळा जिन्नस मानला जात नव्हता. आधीच्या खेपेचा साका पुढच्या खेपेत जाई आणि काम होई. ताडीत तर मुद्दाम काहीच घालावे लागत नाही, हवेतले आणि मडक्याच्या भिंतींना चिकटलेले जीवच रस आंबवतात. कौटिल्याने अर्थशास्त्रात उडीद आणि तांदूळ घालून किण्व करण्याची कृती दिली, मेदक, प्रसन्ना, आसव असे मद्याचे प्रकार सांगितले, पण किण्वात कोण राबतो हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. ते एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरने दाखवले: आंबणे हे जिवंत पेशींचे काम आहे. म्हणजे निर्जीवातून चैतन्य येते हे पटवण्यासाठी चार्वाकांनी जो दाखला निवडला, त्यात कर्ता सजीवच होता. दगड दगडातून देव काढतो असे दाखवायला जावे आणि हातात छिन्नी धरलेला कारागीर मागे उभा असावा, तशातली गत.

चार्वाक इथे हरले असे मात्र म्हणता येत नाही. १८९७ साली एदुआर्द बुखनरने यीस्ट चिरडून त्याचा रस गाळला, त्यात एकही जिवंत पेशी ठेवली नाही, तरी साखरेचे अल्कोहोल झाले. त्याला त्यासाठी १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जवाचेही तसेच आहे: मोड आलेला दाणा भट्टीत वाळवून त्याची वाढ कायमची थांबवतात, पण त्यातली विकरे नंतर साधारण पासष्ट अंश सेल्सिअसच्या पाण्यात पिठाची साखर करत राहतात. दाणा मेला, काम चालू राहिले. ही विकरे मुळात सजीवानेच घडवली, असा प्रतिवाद होऊ शकतो आणि तो खराही आहे. पण त्यामुळे प्रश्न फक्त एक पायरी मागे जातो. सजीव आणि निर्जीव यांच्यामधली भिंत बुखनरच्या गाळणीतून झिरपली, हे मान्य करायला हवे.

खरी अडचण याच्या पुढे आहे, आणि ती कुठल्याही प्रयोगशाळेने दूर होणारी नाही. मडक्यात जे उपजते ते अल्कोहोल, मद नव्हे. मद हा कोणाला तरी चढतो. हॉप्सच्या कडवटपणाचा आकडा यंत्राने काढता येतो, पण ते यंत्र कडू आम्लांचा अंदाज घेते, तोंड वाकडे करत नाही. केळ्याचा वास येण्यासाठी नाक हवे, आणि नाकामागे ‘हे केळ्यासारखे आहे’ असे म्हणणारे कोणी तरी हवे. म्हणजे मदशक्ती हा शब्द उच्चारताच पिणारा, त्याची जाणीव, त्याची झिंग हे सगळे गृहीत धरले जाते. चैतन्य कसे उपजते हे सांगायला दिलेला दाखला चैतन्याच्या आधारावरच उभा आहे. नैयायिक अशा युक्तिवादाला साध्यसम म्हणतात: साधन म्हणून जे वापरले तेही साध्याइतकेच सिद्ध करायचे राहिलेले. शंकराचार्यांचा दुसरा युक्तिवाद इथे लागू पडतो. अग्नी स्वतःला जाळत नाही, कसलेला नटही स्वतःच्या खांद्यावर चढत नाही. त्याप्रमाणे जाणणारा हा जाणलेल्या वस्तूंच्या यादीत बसवता येत नाही. यावर चार्वाक म्हणतील, पिणाराही एक मडकेच आहे, जरा गुंतागुंतीचे. असेल, पण मग ते वेगळे सिद्ध करावे लागेल. दारूच्या दाखल्याने ते झालेले नाही.

एवढ्यावर आत्मवादी निश्चिंत होतील तर त्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. आत्मा असंग, निर्लेप, कशानेच न डागळणारा असेल, तर झिंगतो कोण? दोन घोट पोटात गेले की विवेक सुटतो, आठवण पुसट होते, जिभेला हाड राहत नाही. उत्तर ठरलेले आहे, की हे सारे अंतःकरणाला होते, साक्षीला नाही. पण ज्याला आपण रोजच्या व्यवहारात ‘मी’ म्हणतो, ज्याच्या हातून पाप-पुण्य घडते, ते नेमके हे अंतःकरणच आहे, आणि त्यावर ताडाच्या रसाचा अंमल चालतो. विनोबा दारूबंदीचे ठाम पुरस्कर्ते होते. आत ईश्वर वसतो हे पांडुरंगशास्त्र्यांकडून ऐकल्यावर किनाऱ्यावरच्या कितीतरी मच्छीमार कुटुंबांनी दारू टाकली. माणसाच्या आतले सर्वांत मोलाचे ते बाहेरच्या द्रव्याने झाकोळते, ही चिंता त्यामागे आहे. ती अगदी रास्त आहे, पण तिच्यात चार्वाकांच्या निम्म्या म्हणण्याला मूक संमती आहे. भूतांचा आणि चैतन्याचा काहीच संबंध नसता, तर दारूची भीती कशाला बाळगायची होती?

मग काय उरते? चैतन्य ही जिन्नसांची बेरीज नाही, हे बिअरच्या चवीवरूनच कळते. ते जिन्नसांपासून तुटलेलेही नाही, हे झिंगलेल्या माणसावरून कळते. पेणच्या कारखान्यातली शाडूची माती पुष्कळदा गुजरातेतून येते, रंग बाजारातून येतात, तरी मूर्ती पेणची म्हणून ओळखली जाते, कारण आखणी करणारा हात इथला. आणि त्या हाताने डोळे आखले तरी ती अजून विकाऊ वस्तू असते. तिच्यावर किंमत असते, गिऱ्हाईक घासाघीस करते. घरी आणून प्राणप्रतिष्ठा केली की त्याच मातीकडे कोणी पाठ करून बसत नाही, आणि विसर्जनानंतर तीच माती पुन्हा माती. चार्वाक याला भाबडेपणा म्हणतील, भाविक चमत्कार म्हणतील. पण मूर्ती पुजणारे घर दोघांपेक्षा अधिक काही जाणून असते: देवपण एकट्या मातीत सापडत नाही आणि मातीवाचूनही त्याला बसायला जागा नसते; ते पाहणाऱ्याच्या आणि पाहिलेल्याच्या मधे, ठरावीक दिवसांसाठी, जपून धरावे लागते. ताडीच्या मडक्याबद्दल चार्वाकांनी एवढे जरी म्हटले असते, तर त्यांना उत्तर देणे शंकराचार्यांनाही जड गेले असते.