प्रमाण कोणाचे?

नाशकात गंगापूर रोडवर राहणारे सत्तरीचे एखादे गृहस्थ नावे विसरू लागले, घरच्यांनी त्यांच्या मेंदूचे एम.आर.आय. चित्र काढविले, आणि स्मृतीशी निगडित असलेला हिपोकॅम्पस हा भाग प्रमाणाहून लहान असल्याचे यंत्राने सांगितले, असे समजू. येथे विचारी मनुष्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, हे प्रमाण कोणाचे?

चित्रातील भाग यंत्राकडून वेगळे करविण्याची एक रूढ रीत आहे. तज्ज्ञांनी काही मेंदूंच्या चित्रांवर प्रत्येक भागाची सीमा आखून त्यास नाव दिलेले असते. हा झाला नकाशा. यंत्र तो ताणून, दाबून रोग्याच्या चित्रावर बसविते, आणि त्याबरोबर नावेही उतरतात. हाताने हे काम करण्यास तासन्‌तास लागतात आणि दोन तज्ज्ञांच्या रेषाही तंतोतंत जुळत नाहीत. तेव्हा या युक्तीची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही.

परंतु नकाशालाही कुळ असते. तालेराक व तूर्नू यांचा १९८८ सालचा विख्यात नकाशा साठ वर्षांच्या एका स्त्रीच्या मरणोत्तर मेंदूवरून केलेला होता. पुढे मॉन्ट्रियल येथे शेकडो माणसांच्या चित्रांवरून सरासरी मेंदू सिद्ध झाला. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये शंभर तरुण भारतीयांवरून नकाशा केला, तेव्हा भारतीय मेंदू पाश्चात्त्यांहून उंची, रुंदी व आकारमान यांत सरासरीने लहान आढळला. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी वयोमानानुसार पाच नकाशे केले. ते सहा ते साठ वर्षांपर्यंतचे आहेत. म्हणजे उपर्युक्त गृहस्थ या दोहोंतही नाहीत.

आमच्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. सीमा आखणे हे वर्णन होय. 'लहान' म्हणणे हा निवाडा होय. वर्णनास नकाशा पुरे, पण निवाड्यास त्याच वयाच्या व त्याच समाजातील निरोगी माणसांचा समूह पुढे असावा लागतो. तो नसता 'आमच्याहून निराळा' याचा अर्थ नकळत 'बिघडलेला' असा होतो, आणि एका आकड्यापायी मनुष्याचे व्यवहार, सह्या, स्वातंत्र्य ही घरात संशयास्पद ठरतात.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. निरोगी मेंदूंच्या नकाशात गाठीला जागा नसते. गाठ असली तरी असे यंत्र तेथे ओळखीचेच नाव लिहू शकते. कारण नाव देणे त्यास शिकविलेले असते, 'हे मला ठाऊक नाही' असे म्हणणे नव्हे.

म्हणून आकड्याशेजारी तो कोणाशी ताडला हे लिहिणे, हा सौजन्याचा नव्हे, सत्याचा भाग आहे. अहवालाखाली सही मनुष्याची असते, आणि ती सही करणाराने चित्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असलेच पाहिजे. सरासरी मेंदूचा मनुष्य कोठेही जन्मलेला नाही; वैद्यापुढे येतो तो नेहमी एकच, नाव असलेला मनुष्य.