झाडाभोवती खणण्याचे वचन



आपल्या देवळाच्या फाटकाला लागून असलेला जुना पर्जन्यवृक्ष, ज्याला आपण सारे रेन ट्री म्हणतो, तो गेल्या महिन्यात तोडावा लागला. झाड पूर्ण वाळले होते. पावसाळ्यात ते कुणाच्या तरी अंगावर पडले असते. त्यानंतरच्या रविवारी आठच्या मिस्सेनंतर एक आजी रिक्षाची वाट पाहत उन्हात उभ्या होत्या. त्यांनी मला विचारले, "फादर, आता सावलीला कुठं उभं राहायचं?" मी म्हणालो, "आजी, नवीन झाड लावू." उत्तर चुकीचे नव्हते, पण ते देऊन मी फार लवकर मोकळा झालो, असे मला नंतर वाटत राहिले.

संत लूकच्या शुभवर्तमानात (१३:६-९) प्रभू येशूने अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला आहे. तीन वर्षे फळ मिळाले नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. हा दाखला आपण देवाच्या सहनशीलतेसाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण माळी नुसती मुदत मागत नाही. झाडाभोवती खणीन आणि खत घालीन, असे तो स्वतःहून कबूल करतो. त्याच्या विनंतीला त्याच्या घामाची जोड आहे. ख्रिस्ती मध्यस्थी ती हीच. ज्याच्यासाठी आपण देवाकडे वेळ मागतो, त्याच्यासाठी आपण कुदळही उचलायची असते.

आता आपल्या झाडाकडे पाहू. पर्जन्यवृक्ष मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या विस्तीर्ण सावलीसाठी तो आपल्याकडच्या रस्त्यांच्या कडेला लावला गेला. अलीकडच्या वर्षांत मुंबईच्या उपनगरांत पिठ्या ढेकूण नावाच्या किडीने ही झाडे मोठ्या संख्येने वाळली. म्हणून किडीला दोष देऊन आपण हात झटकू शकतो. परंतु मुळांनाही हवा आणि पाणी लागते. बुंध्यापर्यंत सिमेंट आले की ती दोन्ही तुटतात, आणि अशक्त झालेले झाड किडीला लवकर बळी पडते. याच कारणाने राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. पाच वर्षांपूर्वी पार्किंगसाठी आवारात पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा ते थेट बुंध्यांना भिडवा, असे कंत्राटदाराला सांगणारा मीच होतो. सारे कसे स्वच्छ दिसत होते! सणाच्या पताकांसाठी खोडांत ठोकलेले खिळेही कुणी बाहेरच्याने येऊन ठोकलेले नाहीत. सृष्टीच्या रक्षणावर मी अनेकदा प्रवचने दिली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे २०१५ सालचे 'लाउदातो सी' हे परिपत्रकही आपण गटागटांतून अभ्यासले. आणि हे सारे चालू असताना फाटकाजवळचे झाड गुदमरत होते.

मग नवीन झाड लावले की भरपाई झाली का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलने केलेला एक भेद आम्ही अभ्यासला होता: एखादी गोष्ट होण्याची शक्यता वेगळी आणि ती प्रत्यक्ष होणे वेगळे. रोप म्हणजे झाड नव्हे, ती झाडाची शक्यता आहे. आपण रोपे मोजतो, फोटो काढतो, आणि शक्यतेलाच झाड समजतो. कायद्यानेही हा फरक ओळखला आहे. महाराष्ट्रातील १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत आणि सात वर्षे त्यांची निगा राखावी, असे तिच्यात ठरले. निगेविना केलेले वृक्षारोपण हा एक दिवसाचा सण ठरतो.

अब्राहामाने बैर-शेबा येथे झाड लावले आणि तेथे परमेश्वराच्या नावाचा धावा केला (उत्पत्ती २१:३३). तेव्हा त्याने वयाची शंभरी ओलांडली होती. त्या झाडाची सावली कुणासाठी होती, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून पुढच्या रविवारी आठच्या मिस्सेनंतर आवारातील उरलेल्या सात झाडांभोवतीचे एकेक मीटरचे ब्लॉक आपण उचलणार आहोत आणि खिळे काढणार आहोत. यात चार गाड्यांची जागा जाईल. कुरकुर होईल, ती माझ्याकडे करावी. रस्त्यावरच्या झाडांसाठी पालिकेच्या उद्यान विभागाला पत्र दिले आहे. पहिल्या चांगल्या पावसानंतर बहावा, ताम्हण, बकुळ आणि करंज अशी वेगवेगळी रोपे लावू, म्हणजे एकाच किडीने सारी रांग जाणार नाही. प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने एकेक रोप तीन उन्हाळे सांभाळायचे आहे. नावांची वही सॅक्रिस्टीत ठेवली आहे.

जूनमध्ये पाऊस आपल्यासाठी पाणी घालील. आपल्या वचनाची परीक्षा मार्चमध्ये आहे, जेव्हा दहावीची परीक्षा असेल, लग्ने असतील आणि बादली उचलायचा कंटाळा येईल. त्या दिवशी त्या माळ्याची आठवण ठेवूया. आपल्यासाठीही कुणीतरी आणखी एक वर्ष मागून घेतले आहे, आणि तो अजूनही आपल्याभोवती खणतो आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू