फाइल वाचता येणारा माणूस

आपल्याकडे मानवी हक्क ही नोकरी नाही, निवृत्तीनंतरची नेमणूक आहे. १९९३च्या कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग उभा राहिला, तेव्हा अध्यक्षपदासाठी निवृत्त सरन्यायाधीशच हवेत अशी अट होती. २०१९ साली ती सैल झाली, सर्वोच्च न्यायालयाचे कोणतेही निवृत्त न्यायाधीश चालू लागले आणि मुदत पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आली. तपास विभागावर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी असतो (तक्रारी पुष्कळदा पोलिसांविरुद्धच असतात, ते असो). घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही आणि केलीच तर शेवटी हाती येते ती शिफारस. अशा दालनातून कुणी राजीनामा देऊन बाहेर पडत नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत माणसाचं सोडून देण्यासारखं सगळं सोडून झालेलं असतं.

म्हणून हे काम नोकरीत असताना करून नंतर ती नोकरी सोडणारे शोधायचे, तर ते दुसऱ्याच पदांवर सापडतात. सासवडला जन्मलेले वि. म. तारकुंडे १९५७ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. १९६९ मध्ये पद सोडून ते सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले, जयप्रकाश नारायणांबरोबर १९७४ साली ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ आणि आणीबाणीत, १९७६ साली, पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना उभी करण्यात पुढे राहिले. पण तारकुंड्यांकडे परतायला एक धंदा होता. न्यायाधीश खाली उतरला तरी वकील उरतो. जिल्हाधिकारी खाली उतरला की काय उरतं?

हा प्रश्न मध्य प्रदेशातल्या बैहरसारख्या तहसिलीत उभं राहून विचारावा. गोंदियाहून बालाघाट आणि तिथून घाट चढून बैहर, म्हणजे मराठी मुलखाच्या अगदी शेजारचा हा भाग. १९५६ पर्यंत याची राजधानी नागपूरच होती. घाटाखालचं पाणी वैनगंगेतून गोदावरीकडे जातं आणि वरचं, बैहरचं, बंजर नदीतून नर्मदेला. कायद्यानेही घाटावर अशीच रेघ ओढली आहे. बालाघाट हा सगळा जिल्हा घटनेच्या, आदिवासी भागांसाठीच्या, पाचव्या अनुसूचीत नाही. अनुसूचित क्षेत्राच्या यादीत बैहर तहसिलीचं नाव वेगळं घातलेलं आहे. आज तिचे तुकडे पडून परसवाडा, बिरसा अशा नव्या तहसिली झाल्या, पण जुन्या बैहरच्या हद्दीत गोंड आणि बैगा आहेत, कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की दार आहे, मलाजखंडची तांब्याची खाण आहे. आदिवासींच्या हक्कांविषयी दिल्लीत जे जे वाद झाले, त्यांतला जवळजवळ प्रत्येक इथे सापडतो.

त्या वादांमध्ये एक नाव पुनःपुन्हा येतं, ब्रह्मदेव शर्मा. गणितातले डॉक्टरेट, भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी, साठच्या दशकाच्या अखेरीस बस्तरचे जिल्हाधिकारी. बैलाडिल्याच्या लोखंडाच्या खाणीवर बाहेरून आलेल्या बाबू लोकांनी आदिवासी मुलींना ठेवून घेतलं होतं. शर्मांनी त्यांना त्या मुलींशी लग्न करायला लावलं. बस्तरमध्ये ही गोष्ट अजून कौतुकाने सांगतात. मला ती ऐकताना थोडं अवघडायला होतं. हेतू शंभर टक्के न्यायाचा होता, पण रीत मायबाप सरकारचीच. साहेबांनी ठरवलं, लग्नं लागली. त्या मुलींना काय हवं होतं, हे त्या कथेत कुणी सांगत नाही.

पुढे केंद्रीय गृहमंत्रालयात असताना पाचव्या पंचवार्षिक योजनेतल्या आदिवासी उपयोजनेच्या घडणीत त्यांचा मोठा हात होता. १९८१ साली त्यांनी सेवेचा राजीनामा दिला. राजीनाम्यानंतर माणूस झोळी घेऊन निघाला, असं चित्र आपल्याला आवडतं. शर्मा शिलाँगच्या विद्यापीठात कुलगुरू झाले आणि १९८६ मध्ये पुन्हा सरकारी खुर्चीवर बसले, अनुसूचित जाती-जमातींचे आयुक्त म्हणून. गोष्ट सांगताना हा मधला परतीचा टप्पा बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळं मर्म तिथेच आहे.

आयुक्ताचं पद घटनेच्या ३३८व्या कलमातलं होतं. अधिकार काय, तर चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा. अंमल करायचा नाही, शिक्षा द्यायची नाही. अशा पदावरचा माणूस एक तर आकडे भरून अहवाल पाठवतो, नाही तर अहवाल हेच हत्यार करतो. शर्मांच्या काळातले अठ्ठावीसावा आणि एकोणतिसावा हे अहवाल दुसऱ्या जातीचे. घटनेने दिलेलं आश्वासन आणि वनखात्याची, महसूल खात्याची रोजची वहिवाट यांच्यातलं अंतर त्यांनी सरकारी भाषेतच सरकारपुढे ठेवलं. १९९० च्या पासष्टाव्या घटनादुरुस्तीने हे एकट्या आयुक्ताचं पद गेलं आणि त्या जागी अनेक सदस्यांचा आयोग आला. १९९१ मध्ये शर्मा बाहेर पडले ते पुन्हा कुठल्या पदावर न जाण्यासाठी.

बाहेर स्वागत कसं झालं? १९९२ साली जगदलपुरात, मावलीभाट्याच्या पोलाद कारखान्याला विरोध केला म्हणून, त्यांचे कपडे फाडून, चपलांचा हार घालून धिंड काढली गेली. ज्या जिल्ह्याचे ते एके काळी धनी होते, त्याच्या मुख्यालयात. त्यानंतर ‘भारत जन आंदोलन’, गावोगावच्या बैठका, ‘आमच्या गावात आमचं राज्य’ ही घोषणा. दिलीपसिंह भुरिया समितीच्या शिफारशींवरून २४ डिसेंबर १९९६ रोजी पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा आला, त्यामागच्या खटपटीत शर्मांचा वाटा मोठा होता. गौण वनोपजाची मालकी, सावकारीवर नियंत्रण, जमीन घेण्याआधी विचारणा, असे विषय या कायद्याने ग्रामसभेपर्यंत आणले. हा कायदा नुसत्या आंदोलकाला सुचला नसता. कुठल्या शब्दाने अधिकार तहसीलदाराकडे जातो आणि कुठल्या शब्दाने गावाकडे राहतो, हे वर्षानुवर्षं टिपणं लिहिणाऱ्यालाच कळतं. खुर्ची गेली तरी हे कसब त्यांच्याबरोबर बाहेर आलं.

आणि बाहेर राहिल्यामुळे जे मिळालं, ते २०१२ साली दिसलं. सुकम्याचे जिल्हाधिकारी अ‍ॅलेक्स पॉल मेनन यांना माओवाद्यांनी पळवलं, तेव्हा माओवाद्यांच्या बाजूने बोलणी करायला प्रा. हरगोपाल आणि शर्मा होते; सरकारच्या बाजूने निर्मला बुच आणि एस. के. मिश्रा, दोघेही जुने सनदी अधिकारी. चौघांपैकी तिघे एकाच नोकरीतून आलेले. पण जंगलातल्या माणसांना त्यांतला एकच आपल्या बाजूने बसवावासा वाटला.

बैहरच्या परिसरात शर्मांच्या उलट दिशेने गेलेला एक माणूस होऊन गेला. व्हेरियर एल्विन १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला, १९३२ मध्ये मैकल डोंगरात गोंडांमध्ये राहायला गेला. सोबत पुण्याच्या संघातलेच शामराव हिवाळे. १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात एल्विनने बैगांसाठी राखीव मुलूख सुचवला, राष्ट्रीय उद्यानासारखा. त्यावर माणसांचं संग्रहालय करता का, म्हणून झोड उठली, मालवणचे गो. स. घुर्ये यांनी तर १९४३ मध्ये एल्विनच्या मतांविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे एल्विन सरकारात गेला, नेहरूंच्या काळात ईशान्य सीमेचा सल्लागार झाला. हिवाळे मात्र मंडल्याकडेच राहिले, परधान जमातीवर त्यांनी १९४६ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि मराठीत त्यांची आठवण जवळजवळ कुणी ठेवली नाही. राष्ट्रीय उद्यान शेवटी झालंच. १९५५ मध्ये, कान्ह्यात, प्राण्यांसाठी. पुढच्या दशकांत गाभ्यातली गोंड-बैगांची गावं उठवली गेली.

नोकरी सोडणाऱ्याने ‘नव्याने सुरुवात’ केली, असं आपण म्हणतो; ते शब्द मला इथे टोचतात. अधिकारी नव्याने सुरुवात करतो ती राजीनाम्याने, म्हणजे स्वतःच्या सहीने. बैगांच्या सुरुवाती दुसऱ्याच्या सहीने झाल्या. नांगराने धरणीमातेची छाती फाटते असं मानणारी ही जमात बेवर करून, जंगल जाळून राखेत बी फेकून जगत होती. इंग्रजांनी ते बंद करत १८९० मध्ये मंडला जिल्ह्यातल्या बैगा चकपुरतं ठेवलं. बालाघाटच्या बैगांनी नांगर धरायचा. मग राखीव जंगल, मग वाघ. व्याघ्र प्रकल्पातून उठणाऱ्या कुटुंबाला २००८ साली दहा लाख ठरले, २०२१ मध्ये पंधरा. वनहक्क कायदा म्हणतो, ग्रामसभेच्या स्वेच्छेच्या, सगळं समजून दिलेल्या लेखी संमतीशिवाय गाव हलवता येणार नाही. मात्र संमतीचा कागद तयार करतं तेच खातं, ज्याला ती संमती हवी असते.

या जागी वीर राजीनामेवाला फारसा उपयोगी नाही. हवा आहे तो कागद गावासोबत बसून, ओळ न् ओळ वाचणारा, आणि ठराव कसा लिहिला म्हणजे वरच्या कचेरीत तो बाजूला टाकता येत नाही, हे ठाऊक असणारा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने हे करून दाखवलं. तिथे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर गाव वर्षानुवर्षं अभ्यास करत बसलं, म्हणून २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने गावाच्या हातात आले. मध्य प्रदेशाने पेसाचे नियम काढले ते १५ नोव्हेंबर २०२२ रोजी, कायद्यानंतर सव्वीस वर्षांनी. शर्मा २०१५ मध्येच गेले होते. ते नियम आता बैहर, बिरसा, परसवाड्याच्या ग्रामपंचायतींत पोहोचले आहेत, आणि नोकरी सोडावी की नाही या विचारात भोपाळच्या किंवा नागपूरच्या कचेरीत बसलेल्या एखाद्या उपजिल्हाधिकाऱ्याला करण्यासारखं काम तिथे भरपूर आहे. फक्त त्यात कुणी साहेब म्हणणार नाही.