दाते खाली केल्यावर

शिलाई मशीनच्या सुईखालच्या पट्टीत बारीक खाचा असतात. त्यांतून करवती दाते वर येतात, कापडाला खालून धरतात, टाकाभर मागे सारतात आणि पुन्हा बुडतात. सरळ शिवणीत आपण फक्त दिशा सांभाळतो. टाक्याची लांबी दाते ठरवतात. फ्री मोशन क्विल्टिंग शिकायला बसलं की आधी हे दाते खाली उतरवायचे. मग कापड पुढे, मागे, आडवं, गोल, कसंही फिरतं. सुई जागच्या जागी वरखाली होत राहते आणि वेलबुट्टी काढायची ती तिच्याखाली कापड फिरवून.

नाव परदेशी असलं तरी कसब आपल्या बाजारपेठेला अनोळखी नाही. फाटक्या पॅन्टच्या गुडघ्यावर मशीनने रफू करणारा कारागीर हेच करतो, आणि रुमालावर नाव काढून देणाराही. फरक एवढाच की इथे सुईखाली तीन थर असतात: वरचं कापड, मधलं पोट आणि खालचं अस्तर. म्हणजे गोधडीच. जळगावात मशीनवर हे शिकताना माझ्या मनात सारखी गोधडीच येत राहते ती त्यामुळे.

थोडं गणित मांडून पाहू. मशीन मिनिटाला 600 टाके घालत असेल, तर सेकंदाला 10 झाले. टाका अडीच मिलिमीटरचा हवा असेल, तर हातांनी कापड सेकंदाला 25 मिलिमीटर सरकवलं पाहिजे. पायाचा दाब वाढून वेग 900 वर गेला, की हातांचाही वेग तत्क्षणी दीडपट व्हायला हवा. वळण आलं की नवशिक्याचा हात घाईने फिरतो. टाके लांबतात, आणि उलट्या बाजूला वरचा दोरा वळणाच्या आतल्या अंगाला ओढला गेलेला दिसतो. हात थबकला, तर टाक्यावर टाका पडून गाठ बसते. कापडाला हिसका दिला, तर सुई वाकते, खालच्या पट्टीवर आदळते आणि तुटते. दाते होते तोवर यातलं बहुतेक मशीन सांभाळत होतं. ते उतरवले, की माप मुक्कामाला येतं ते थेट आपल्या दंडात आणि मनगटात.

निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने 1920च्या दशकात मॉस्कोच्या श्रमसंस्थेत छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचाली टिपल्या. निष्णात कामगाराचा प्रत्येक घाव नेमक्या जागी पडे. पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोडं निराळं फिरे. एका सांध्याची चूक दुसरा सांधा वाटेतच सावरून घेई. सांध्यांना इतकी मोकळीक असताना शरीर ती सांभाळतं कसं, हा बर्नस्टाइनचा आयुष्यभराचा प्रश्न. नवशिक्या काय करतो, हेही त्याने सांगितलं: तो सांधे आवळून धरतो. मोकळीक पेलत नाही म्हणून ती कमी करून घेतो. सराव वाढतो, तसा एकेक सांधा सुटतो.

धुळ्यात देवपूरकडे गोधड्या शिवणाऱ्या एका मावशींना मी माझा सरावाचा तुकडा दाखवला. त्यांनी तो उलटा केला. सुलटी बाजू त्यांनी नंतर पाहिली, आणि तीही घाईतच. उलट्या बाजूच्या टाक्यांवरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या, ‘हात मोकया सोड, माय.’ बर्नस्टाइनने सूत्रांत मांडलं ते त्यांनी अंगठ्याने ओळखलं, असं मला वाटतं, आणि हे मी मनापासून म्हणते आहे.

त्यांचं शिवणं पाहिलं. उन्हाळा होता, शेतं रिकामी होती. जमिनीवर जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर थरांवर थर, आणि त्या स्वतः गोधडीवरच बसलेल्या. कापड जाग्यावर राहतं ते त्यांच्या वजनाने. उजवा हात सुईवर तीनचार टाके घेतो, मग दोरा एकदम ओढतो. डाव्या हाताची बोटं पुढची सुरकुती निपटत जातात. टाक्याला टाका लागून धावदोऱ्याच्या ओळी समांतर पडतात, आणि कुठेही खूण केलेली नाही. माप कुठून येतं हे विचारण्यात अर्थ नव्हता; त्या सुनेशी हरभऱ्याच्या भावाबद्दल बोलत होत्या.

जळगावजवळच्या असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांची इथे आठवण होते ती केवळ जिल्ह्याच्या अभिमानापोटी नव्हे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात राबताना गाणी सुचत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती उतरवून घेतली, आणि बहिणाबाईंच्या मागे, 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने ती छापली गेली. जात्याचा दगड जड असतो. एकदा फिरू लागला की आपल्या वजनानेच तो आपली गती राखतो आणि गाणारीला ताल देतो. हलकं कापड असा आधार देत नाही. म्हणून दाते उतरवलेल्या मशीनवर बसलेल्या बाईपुढची अडचण जात्यावरच्या बाईपेक्षा निराळी आहे: तिला ताल आधी स्वतःत आणावा लागतो. मी हलकेच गुणगुणत शिवून पाहते, आणि मशीनचा वेग गाण्याला जुळला की टाके खरोखरच सारखे पडतात.

पोटाला काय घालायचं, हाही प्रश्न आहे. खानदेश हा कापसाचा मुलूख. 1861 ते 1865 या अमेरिकी यादवीच्या काळात इथल्या कापसाला मोठी मागणी आली, आणि पुढे जळगाव, अमळनेर, धुळे इथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. तरीही गोधडीच्या पोटात कापूस क्वचितच असतो. पिकवलेला कापूस बाजाराला जाई. गादीसाठी पिंजारी बोलवावा लागे. अंगावर घ्यायला उरत ती धोतरं आणि लुगडी, धुऊन धुऊन मऊ झालेली. मी पोटाला बाजारची फुगीर कृत्रिम गादी घालून पाहिली. ती थरांमध्ये सरकते. सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या घातल्या तेव्हा तिन्ही थर एकमेकांना धरून राहिले आणि सुईही सहज आरपार गेली.

आता अडलं आहे ते सुरुवात कुठून करायची यावर. मशीनवर मधून काठाकडे जायचं, असा नियम; कारण थर बाहेर ढकलले जातात आणि उलट गेलं तर मधे फुगवटा अडकतो. मावशी मात्र काठाने सुरू करतात आणि चौकोनात चौकोन घेत आत येतात. त्यांना ते जमतं, कारण फुगवटा त्यांच्या वजनाखाली आणि डाव्या हाताखाली रोज मरत असतो. माझ्या मशीनच्या दंडाखाली एवढी मोठी गोधडी मावतही नाही; गुंडाळी करून अर्धी बाजूला धरावी लागते. तेव्हा ठरवलं आहे की, आधी जमिनीवर बसून सगळीभर हाताने विरळ कच्चा धावदोरा घालायचा, मावशींसारखाच काठाने आत, आणि मगच ती मशीनवर घ्यायची. साड्या धुऊन वाळत टाकल्या आहेत. दोरा कोणता घ्यावा, ते मावशींना विचारायचं आहे.