कंठ कोणाचा?

धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली, की आपल्या भंडारा जिल्ह्यात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावी मांडव पडतात आणि उजाडेपर्यंत गाणी ऐकू येतात. असाच एक हंगाम गेली बारा वर्षे माझ्या मनाला टोचत आहे. त्याचे कारण सांगण्यापूर्वी एका दूरच्या गायिकेची हकिगत सांगतो, कारण तिच्यामुळेच माझी चूक मला दिसली.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवले जाई. प्रार्थनेसाठी शिकलेली ही विद्या घेऊन अनेक गोवेकर पुढे मुंबईच्या हॉटेलांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोहोचले. मडगावचे ख्रिस पेरी हे त्यांपैकी एक श्रेष्ठ वादक व संगीतकार. साठच्या दशकात त्यांच्या वाद्यवृंदात लोर्ना कोर्देरो ही तरुण गायिका आली. चर्चगेटजवळच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’ हे तेव्हा जॅझचे माहेरघर होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दुःखातून जन्मलेल्या त्या संगीतात पेरींनी कोंकणी शब्द गुंफले आणि लोर्नाने त्यांना प्राण दिला. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘नाचोंया कुंपासार’ ही गाणी गोव्याच्या घराघरांत गेली.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. इतर कोणाच्या साथीने गायचे नाही, अशा कराराने ती बांधलेली होती. ऐन उमेदीतला तो आवाज सुमारे दोन दशके गप्प राहिला. अखेर १९९५ साली रॉनी मॉन्सेरात या संगीतकाराने तिला पुन्हा माइकसमोर उभे केले आणि ‘हॅलो लोर्ना’ हा ध्वनिसंग्रह निघाला. ख्रिस पेरी २००२ साली निवर्तले. त्यांच्या गाण्यांवर आधारलेल्या ‘नाचोंया कुंपासार’ या चित्रपटाने कोंकणी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवले.

या दोघांचा न्यायनिवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पेरींची प्रतिभा नसती, तर तो कंठ कदाचित जगाला ऐकूच आला नसता. शिकवणाऱ्याचा शिकणाऱ्यावर हक्क असतो, हे मला मान्य आहे. पण तो हक्क कशावर? गाण्यावर की गाणाऱ्यावर?

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात मजुरीविषयी एक मूलभूत विचार मांडला. दोघांची संमती झाली एवढ्यानेच करार न्याय्य ठरत नाही; निसर्गदत्त न्याय कोणत्याही सौद्याहून जुना व मोठा आहे. माणसाला आपले श्रम देता येतात, स्वतःला विकता येत नाही. कंठ तर श्रमाहूनही माणसाच्या अधिक जवळचा. त्यातही जॅझचा गायक लिहिलेली चाल जशीच्या तशी म्हणत नाही. दर वेळी ती आपल्या श्वासातून नव्याने घडवतो. चालीचा मालक असू शकेल, त्या श्वासाचा मालक कोण?

वाचकहो, आपण म्हणाल, “फादर, तुम्हीही आज्ञापालनाचे वचन दिलेच आहे ना?” दिले आहे आणि त्यासाठी काही गोष्टी सोडल्याही आहेत. पण व्रत हे स्वेच्छेने, विचारान्ती देवाला दिलेले असते. त्याने माणूस अधिक मोठा व्हावा, हाच त्याचा हेतू. जे बंधन केवळ दुसऱ्याच्या भीतीपोटी वा हव्यासापोटी लादले जाते, त्याला व्रताचे पावित्र्य लाभत नाही.

आता माझी गोष्ट. आमच्या गायकवृंदात एक मुलगी होती. ती मिस्सामध्ये स्तोत्र म्हणू लागली, की मागच्या बाकावरची चुळबूळ थांबे. झाडीपट्टीच्या एका मंडळीने तिला गाण्यासाठी बोलावले. मी तिच्या वडिलांना सांगितले, “वेदीपुढे गाणाऱ्या पोरीने त्या मंचावर गाऊ नये. दोहोंपैकी एक निवडू द्या.” वडिलांनी मान डोलावली. मुलीने दोन्ही सोडले. मला ते धर्मनिष्ठेचे रक्षण वाटले होते. खरे तर आमचा आवाज दुसरीकडे जाईल, ही भीती होती. ‘आमचा’ हा शब्दच मुळात चुकीचा होता.

तालंतांच्या दाखल्यातील दास भीतीने धन्याने सोपवलेले धन जमिनीत पुरतो. सेमिनरीपासून मी या दाखल्यावर कितीदा तरी प्रवचन केले. पण दुसऱ्याच्या हातात कुदळ देऊन त्याचे धन पुरायला लावणाऱ्याचे काय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

गेल्या वर्षी त्या वडिलांच्या अंत्यविधीला ती सासरहून आली. मी तिला एक स्तोत्र म्हणण्याची विनंती केली. ती शांतपणे म्हणाली, “आता सवय राहिली नाही, फादर.” मी तिची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही.

लोर्नाला दोन दशकांनंतर कोणीतरी बोलवायला आले. सगळ्यांच्याच दारी असे कोणी येत नाही. म्हणून पालकांना, शिक्षकांना आणि माझ्या धर्मगुरू बंधूंना एवढेच सांगतो: लेकरांच्या अंगचा गुण आपण जोपासावा, त्याला वळण द्यावे, पण देणारा देव आहे हे विसरून त्यावर आपले नाव कोरू नये. यंदाच्या नाताळच्या गायनासाठी मी त्या मुलीला निरोप धाडला आहे. या वेळी त्यात कोणतीही अट नाही.