आधी कस, मग मोल

विट्याचा एक तरुण मदुराईत गलाईच्या दुकानात होता. खानापूर तालुक्यातले कितीतरी लोक सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेत, तसाच तोही चुलत्यामागं गेलेला. लग्नाला पाच वर्षं झाली, पण पाळणा हलला नाही. गावी आलं की सासू सुनेला रेणावीला रेवणसिद्धाच्या दर्शनाला न्यायची, मग नव्या डॉक्टरकडं. गोळ्या, इंजेक्शनं, सोनोग्राफी, सगळं सुनेचंच.

दिवाळीत सासरे म्हणाले, "माळावरची एकरभर जमीन विकू. टेस्ट ट्यूब बेबी करून टाका."

सुनेनं फाईल पुढ्यात ठेवली. "मामा, ह्यात सगळे कागद माझे हायत. ह्यांचा एकबी न्हाई."

नवरा भडकला. "मला काय धाड भरलीय?"

"तसं कुठं म्हणते मी? पण दागिना आला तर कस लावल्याबिगर तुम्ही पैसे मोजता का? मग तपासल्याबिगर जमीन कशी विकायची?"

तो गप्प झाला. आठवड्याभरात दोघं सांगलीला गेली. तिच्या नळ्या मोकळ्या होत्या, बीजही वेळेवर तयार होत होतं. त्याचे शुक्राणू मात्र कमी निघाले.

डॉक्टरांनी कामधंदा विचारला. दिवसभर भट्टीची धग, वर तंबाखू. "दोन्हींमुळं शुक्राणू कमी होऊ शकतात. नवे तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढे दिवस धग आणि तंबाखू टाळा, मग पुन्हा तपासू."

तिनं प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणले होते. थांबलं तर चालेल का? खर्च किती? त्रास कुणाला?

"तुमचं वय अठ्ठावीस, म्हणून थांबा म्हणतो. अडतीस असतं तर म्हटलं नसतं. आययूआयला, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडायला, खर्च आणि त्रास कमी, पण एका खेपेला यशही कमी. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीत, रोजची इंजेक्शनं, भूल देऊन बीज काढणं, मोठा खर्च. यशाची शक्यता जास्त, पण हमी नाही. आणि 2021 च्या कायद्यानं केंद्र नोंदणी केलेलं हवं, दोघांची लेखी संमती हवी."

परतताना एसटीतच दोघांचं ठरलं: आधी तीन महिने पथ्य, मग आययूआय. तेही लागू पडलं नाही, तर साठवलेल्या पैशात बसेल तेवढंच आयव्हीएफ. जमिनीला हात लावायचा नाही.

पुढं शेजारणीनं सुनेचं विचारलं, तेव्हा सासू म्हणाली, "दोघांचा इलाज चाललाय."

बोध: मूल दोघांचं, तर तपासणीही दोघांची. उपाय निवडण्याआधी कारण शोधावं, डॉक्टरांना निःसंकोच विचारावं, आणि कुठं थांबायचं ते आधीच ठरवावं. जिच्या अंगावर सुया टोचायच्या, तिचा शब्द त्या निर्णयात पहिला असावा.