अनामत रक्कम आणि अमानतीचे उत्तरदायित्व

भाड्याच्या व्यवहारात आपण ‘अनामत’ हा शब्द सहज उच्चारतो. अरबीतील ‘अमानत’ या शब्दाचेच ते मराठीत रुळलेले रूप आहे. अक्षरांची अदलाबदल झाली, तरी अर्थ हरवू नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावालाही हा विषय आता परका नाही. आपली मुले शिक्षणासाठी पुण्यात खोली घेतात. सुट्टीत कुटुंबे महाबळेश्वर, अलिबाग किंवा तारकर्लीला दोन दिवसांपुरते घर घेतात. लग्नकार्यासाठी मंगल कार्यालय ठरते. आधी अनामत द्यावी लागते आणि हिशेब निघताना होतो. वादही तेव्हाच उभा राहतो: टेबलाची काच तडकली ती कोणामुळे? गादीवरचा डाग कालचा की मागच्या महिन्यातला? ज्याच्या हातात पैसे आहेत तोच फिर्यादी असतो आणि न्यायाधीशही तोच होतो.

अनामत घेण्यात मुळात काही गैर नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत ३० साअ जवाच्या बदल्यात एका यहुदी व्यापाऱ्याकडे तारण होते, असे हजरत आयेशा (रजि.) यांच्या निवेदनावरून सहीह बुखारीत नोंदलेले आहे. तारण मागणे म्हणजे समोरच्याचा अपमान नव्हे. प्रश्न आहे तो नंतरच्या वर्तनाचा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या व्यवहारात अमानत दोन्ही हातांत असते. मालकाच्या हाती पाहुण्याचे पैसे असतात आणि पाहुण्याच्या हाती मालकाचे घर. हनफी फिक्हनुसार भाड्याची वस्तू भाडेकरूजवळ अमानत असते. त्याने मर्यादा ओलांडली किंवा हलगर्जीपणा केला, तरच तो भरपाईस बांधील ठरतो. नेहमीच्या वापराने झालेली झीज मालकाची, कारण त्या वापराचेच तर त्याने भाडे घेतलेले असते. लाभ ज्याचा, जोखीमही त्याची, हे तत्त्व हदीसमधून आलेले आहे. म्हणून भिंतीचा रंग काळाने फिका पडला असता, तसे आधी ठरलेले नसतानाही, रंगकामाच्या नावाखाली अनामत कापून घेणे योग्य ठरत नाही. आधी स्पष्टपणे ठरलेली वाजवी अट मात्र दोघांनी पाळलीच पाहिजे.

नुकसान खरोखर झाले असेल तर मोजमाप कसे करावे? सहीह बुखारीत हजरत अनस (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग आला आहे. प्रेषितांच्या घरी एका पत्नीच्या हातून दुसऱ्या पत्नीने पाठवलेले भांडे फुटले. प्रेषितांनी त्याच्या बदल्यात अखंड भांडे पाठवले आणि फुटलेले स्वतःकडे ठेवून घेतले. भरपाई जेवढ्यास तेवढी हवी, ही शिकवण यातून मिळते. पाच वर्षे वापरलेल्या टेबलासाठी कोऱ्या टेबलाची किंमत मागणे, ही भरपाई न राहता कमाई होते. एकाच डागाचे पैसे एका पाहुण्याकडून घ्यायचे, गादी तशीच ठेवायची आणि पुढच्या पाहुण्याकडून त्याच डागाचे पुन्हा घ्यायचे, हे तर उघडपणे दुसऱ्याचे धन अन्यायाने खाणे आहे. सूरह अल-बकराच्या १८८ व्या आयतीत यालाच मनाई आहे.

आता कठीण प्रश्न. दोघांपैकी कोणाजवळच पुरावा नसेल तर? शरीअतचा नियम असा की पुरावा दावा करणाऱ्याने द्यावा आणि नाकारणाऱ्याने शपथ घ्यावी. पैसे मालकाच्या खिशात आहेत म्हणून दावेदाराची जागा बदलत नाही; दावा त्याचाच आहे. यावर मालक म्हणेल, मग लबाड पाहुणा सुटेल. होय, जगाच्या दृष्टीने सुटेल. म्हणूनच घर देण्यापूर्वी दोघांनी मिळून पाहणी करावी, छायाचित्रे घ्यावीत, वस्तूंची यादी करून सह्या कराव्यात. सूरह अल-बकराची २८२ वी आयत उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा देते. तिच्यामागील शहाणपण येथेही उपयोगी आहे. एअरबीएनबीच्या व्यवस्थेत मालकाला पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत मागणी नोंदवावी लागते आणि पाहुण्याला उत्तरासाठी २४ तास मिळतात. मुदत आणि पुरावा यांची गरज सर्वांनाच पटलेली आहे.

परंतु पुराव्याअभावी सुटलेला पाहुणा अल्लाहसमोरही सुटला, असे समजू नये. प्रेषितांनी बजावले आहे की एखादा आपल्या वाक्चातुर्याने माझ्याकडून भावाच्या हक्काचा निवाडा स्वतःच्या बाजूने करून घेईल, तर त्याला मिळालेला तो आगीचा तुकडा असेल. साक्षात प्रेषितांच्या निवाड्यानेही जे हलाल होत नाही, ते मालकाच्या नजरचुकीने कसे होईल? फुटलेला पेला कपाटात मागे सरकवून निघणाऱ्याने आणि ‘अनामत दिली आहे, काय व्हायचे ते होऊ दे’ म्हणून घर बेपर्वाईने वापरणाऱ्याने याचा विचार करावा. अनामत ही नासधुशीची आगाऊ किंमत नाही.

मालकाने विलंबाचाही विचार करावा. ऐपत असताना देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे हदीस सांगते. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी घरासाठी अनामतीची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याएवढी ठेवली आणि घराचा ताबा परत घेताना, योग्य वजावट करून, ती परत देण्यास सांगितले. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो कायदा लागू होत नाही. सूरह अन्-निसाची ५८ वी आयत मात्र कोणाच्या मंजुरीची वाट पाहत नाही: अमानत तिच्या हक्कदाराला पोहोचती करावी.

घर परत देताना पाहुण्याने स्वतःहून नुकसान सांगावे आणि मालकाने स्वतःहून जुनी झीज मान्य करावी. दोघांनी आपल्याविरुद्ध खरे बोलण्याचे हे धैर्य दाखवले, तर बहुतेक वाद उंबरठ्यावरच मिटतील. अल्लाह आपणा सर्वांना अमानत सांभाळण्याची आणि परत करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.